सुपर डिलक्स: सगळ्यांना माफी, पण शिल्पाला नेमकी कशाची?

त्यागराजन कुमारराजाचा 'सुपर डिलक्स' हा तमिळ सिनेमा २९ मार्च २०१९ ला आला, आणि आजही कुणी पहिल्यांदा बघितला की बहुतेक एकच गोष्ट ऐकू येते, सिनेमा जाम आवडला पण शिल्पाच्या गोष्टीत काहीतरी खटकतंय, आणि नक्की काय ते सांगता येत नाहीये. म्हणजे भांडण आवडलेल्यांचं आणि न आवडलेल्यांचं नाहीचे, ते एकाच माणसाच्या डोक्यात चालू असतं. ते खटकणं म्हणजे काय ते जरा सुटं करून बघूया. शेवटासकट सगळं येणारे यात, त्यामुळे बघायचा राहिला असेल तर आधी तीन तास काढा (खरंच जवळजवळ तीन तास, १७६ मिनिटं) आणि मग या. आणि हो, आईवडिलांबरोबर हॉलमध्ये लावू नका, 'ए' सर्टिफिकेट उगाच दिलेलं नाहीये.

आधी गोष्ट. वेंबू, म्हणजे समंथा, नवरा घरी नसताना जुन्या बॉयफ्रेंडला घरी बोलावते, दोघं एकत्र झोपतात आणि तो तिथल्या तिथे मरतो. नवरा मुगिल, म्हणजे फहाद फासिल, घरी येतो आणि मग आधी ते प्रेत फ्रिजमध्ये लपवायचं आणि नंतर कुठेतरी नेऊन टाकायचं अशी नवराबायकोची एकत्र धावपळ सुरू होते, वरून एकमेकांशी भांडण चालूच. तिकडे शाळा बुडवून पाच पोरं ब्लू फिल्म लावून बसलेत आणि स्क्रीनवर त्यातल्या एकाची, सूरीची, आई दिसते. आई म्हणजे लीला, रम्या कृष्णन, आपल्याकडे 'बाहुबली'ची शिवगामी म्हणून घरोघरी माहीत असलेली. पोरगा टीव्ही फोडतो, स्क्रूड्रायव्हर घेऊन आईला मारायला पळत सुटतो आणि वाटेत पडून तोच स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या पोटात घुसवून घेतो. त्याचा बाप अर्पुदम त्सुनामीत एका मूर्तीला धरून वाचलेला, आता देवच सगळं करतो म्हणून बसलेला, त्यामुळे पोराला हॉस्पिटलात न्यायचं का प्रार्थना करायची यावरच नवराबायकोची झटापट. उरलेली पोरं फुटलेल्या टीव्हीचे पैसे जमवायला निघतात आणि त्यांना चक्क एक एलियन मुलगी भेटते, हो, एलियन, विचारू नका.

आणि शिल्पा. कित्येक वर्षांपूर्वी बायको आणि पोटातलं की नुकतं जन्मलेलं पोर टाकून निघून गेलेला माणिक्कम आज परत येणार म्हणून घर नातेवाइकांनी भरलंय, गाडी थांबते आणि साडी नेसलेली शिल्पा उतरते. विजय सेतुपती. घरातले मोठे सगळे गार, कुणाला कुठे बघावं कळत नाही, आणि रासुकुट्टी नावाचं ते एवढंसं पोर मात्र बाप आला या आनंदात. वेंबूच्या आणि शिल्पाच्या गोष्टींना टोचत फिरणारा एक सब-इन्स्पेक्टर आहे, बर्लिन नावाचा, भगवती पेरुमाळने इतका किळसवाणा केलाय की त्याला बघूनच अंग धुवावंसं वाटतं.

आता मुद्द्याचं. जेंडर आणि सेक्शुअ‍ॅलिटी हे दोन शब्द आपण कायम जोडीने बोलतो, पण आहेत वेगळे. जेंडर म्हणजे मी स्वतःला कोण समजते किंवा समजतो, बाई, पुरुष, दोन्ही नाही, जे असेल ते. सेक्शुअ‍ॅलिटी म्हणजे ओढ कुणाची वाटते, इच्छा काय आहे, कुणाबरोबर झोपावंसं वाटतं. ट्रान्स बाईला पुरुष आवडू शकतो, बाई आवडू शकते, कुणीच आवडत नसेल असंही होऊ शकतं, तिचं बाई असणं त्यावर ठरत नाही. आणि तिसरी एक वेगळीच गोष्ट असते, वागणूक. म्हणजे लग्नाबाहेर कुणाबरोबर झोपलात, पॉर्न बघितलंत, पॉर्नमध्ये काम केलंत, ही कृती झाली, ती तुम्ही केलीत किंवा नाही केलीत, त्याबद्दल लोक तुम्हाला बरंवाईट म्हणू शकतात, तुम्ही पश्चात्ताप करू शकता किंवा गेलात उडत म्हणू शकता.

'सुपर डिलक्स'चं आधीचं नाव 'अनीती कथैगळ' होतं, म्हणजे अनीतीच्या कथा, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. सिनेमाचा ढाचा असा की समाज ज्या ज्या गोष्टीला छी म्हणतो ती एकेक उचलायची, प्रेक्षकाला आधी दचकवायचं, हसवायचं आणि मग म्हणायचं, बरं मग, एवढं काय झालं? बायकोने दुसऱ्याशी संबंध ठेवले, एवढं काय? आईने ब्लू फिल्ममध्ये काम केलं, एवढं काय? पोरं पॉर्न बघतात, एवढं काय? तिथपर्यंत मस्त चालतं. आणि मग त्याच ओळीत चौथं, बाप बाई होऊन परत आला, एवढं काय? इथे गाडी रुळावरून सरकते, कारण पहिल्या तिन्ही गोष्टी कृती आहेत आणि चौथी माणूस कोण आहे याबद्दलची आहे. ज्याला माफ करायचं असं काही शिल्पाच्या बाई असण्यात मुळात नाहीचे. सिनेमाला हे कळत नाही असं मी म्हणत नाही, बऱ्याच ठिकाणी बरोब्बर कळतं, पण ढाचा तोच असल्यामुळे तिला पण माफीच्या लाइनीत उभं केलं जातं, आणि मग माफ करायला काहीतरी हवं म्हणून तिच्या हातून एक भयंकर गुन्हा करवला जातो. त्यावर येतेच.

लीलाच्या गोष्टीत हा ढाचा किती छान बसतो ते आधी बघा. हॉस्पिटलात पोरासमोर लीला रडत माफी मागेल असं आपल्याला वाटतं, हिंदी-मराठी-तमिळ सिनेमांनी आपल्याला तेच शिकवलंय, आई चुकली की पदर डोळ्याला. ती मागत नाही. ते एक काम होतं, मी नटी होते, इतकी कामं केली तसं तेही केलं, अशा थाटात सरळ बोलते, आणि बघणाऱ्यांची गर्दी एवढी मोठी असताना करणारीच तेवढी वाईट कशी हा प्रश्न पोरावर आणि आपल्यावर टाकून मोकळी होते. तो प्रश्न दुखतो कारण थिएटरात बसलेले आपण सगळे त्या 'बघणाऱ्यां'मध्येच आहोत. रम्या कृष्णन या सीनमध्ये आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच तो सीन चालतो.

वेंबूचं थोडं मिश्र. एक तर सिनेमाची सुरुवातच अशी की बाईने नवऱ्याशिवाय दुसऱ्याबरोबर सुख घेतलं आणि दोन मिनिटांत प्रेत, म्हणजे शिक्षा लगेच हातात, आपल्या जुन्या नीतिकथांपेक्षा फास्ट. मुगिल स्वतःला फार पुढारलेला समजणारा माणूस, नट व्हायचंय, देश-समाज-जात सगळ्यावर भाषण तयार, आणि बायकोचा विषय आला की तोंडातून जे निघतं ते ऐकून कळतं पुढारलेपण कुठपर्यंत आहे. हे मात्र सिनेमाने जाणूनबुजून केलंय आणि फहादने धमाल केलंय. इथे कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, सिनेमा यायच्या सहाच महिने आधी, आणि तसंही त्या कलमात शिक्षा परपुरुषाला होती, तीसुद्धा नवऱ्याने तक्रार केली तर, म्हणजे बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू आणि दुसऱ्याने ती वापरली असा तो हिशेब. त्यामुळे वेंबूने जे केलं त्याला फौजदारी कायद्याने कुणी हात लावू शकत नाही. बर्लिनच्या हातात आहे ते फक्त प्रेत, आणि त्या प्रेताच्या जोरावर तो तिच्याकडे शरीर मागतो. कायद्याने बाईला मोकळं केलं तरी खाकीतला माणूस तिला कुठे गाठतो हे सिनेमाने अचूक पकडलंय.

आता शिल्पा, आणि इथे जरा थांबायला लागेल.

तिच्या घरी येण्यानंतरचा एक सीन आहे, आतल्या खोलीत आरशासमोर ती तयार होते, विग बाजूला काढलाय, खाली टक्कल पडत चाललेलं डोकं, मग साडी, निऱ्या, सगळं निवांत, कॅमेराला कसलीही घाई नाही, आणि पोरगा शेजारी उभा राहून बघतोय. बरेच लोक याला सिनेमातला सगळ्यात सुंदर सीन म्हणतात. पोराच्या नजरेत ना किळस ना करुणा, आपला बाबा तयार होतोय, बास, तो तिला अप्पाच म्हणत राहतो आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही. पण तोच सीन ट्रान्स बायकांच्या नजरेने बघा. विग काढला की खाली पुरुष दिसतो, हेच तर लोकांना कायम बघायचं असतं, 'खरं' काय आहे ते. सिनेमा आपल्याला पोराच्या नजरेने बघा म्हणतो आणि त्याच वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची डोकावण्याची हौस पण पुरवतो. दोन्ही एकाच शॉटमध्ये. मिश्र भावना म्हणतात ती हीच, आणि एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

मग पोलीस ठाणं. लहान पोर बरोबर असलेली ट्रान्स बाई म्हणजे पोरं पळवणारीच, असा संशय घेऊन तिला उचलतात, आणि बर्लिन पोराला बाहेर ठेवून तिच्यावर लैंगिक जबरदस्ती करतो. हा सीन दाखवायला हवा होता का? मला वाटतं हो, कारण पोलीस ठाण्यातला छळ ही ट्रान्स लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे, ती लपवून सिनेमा काढला असता तर तो खोटा झाला असता. पण कसा दाखवला? लांबवून, आणि बर्लिनच्या विनोदी टोनमध्ये, थिएटरात काही लोक हसले हे अनेकांनी तेव्हाच लिहिलं होतं. दिग्दर्शक म्हणेल प्रेक्षक हसला तो प्रेक्षकाचा दोष. थोडं खरं, थोडं नाही, कारण त्याच माणसाच्या त्याच तऱ्हेवाईकपणावर बाकीच्या गोष्टीत आपल्याला हसायला लावणारा दिग्दर्शकच आहे, मग इथे अचानक ब्रेक कुठून लागणार?

आणि आता तो गुन्हा. शिल्पा पुढे अर्पुदमला सांगते की मुंबईत असताना तिने दोन लहान मुलांना भीक मागायला लावणाऱ्या टोळीच्या हाती दिलं होतं, आणि ते पाप तिला खातंय, रासुकुट्टी हरवला तेव्हा तिला वाटतं की हा त्याचाच बदला. तमिळनाडूतल्या ट्रान्स कार्यकर्त्यांचा सगळ्यात मोठा राग यावर होता, आणि तो का ते मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावाने ठेचून मारलं. त्याच्या महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, हैदराबादेत याच अफवेवरून एका ट्रान्स बाईला जमावाने मारून टाकलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या मेसेजमध्ये जे लिहिलेलं असायचं, हिजड्यांच्या वेशात येतात, पोरं उचलतात, भीक मागायला लावतात, नेमकं तेच पुढच्या मार्चमध्ये एका चांगल्या, दर्दी, कौतुक झालेल्या सिनेमातल्या ट्रान्स बाईच्या तोंडून कबुलीजबाब म्हणून येतं. सिनेमाचा हेतू वाईट नव्हता हे मान्य, शिल्पा हीसुद्धा चुकणारं हाडामांसाचं माणूस आहे, देवी नाही, असं दाखवायचं असणार. पण तिची चूक दुसरी कुठलीही असू शकली असती, बायकापोराला टाकून गेली हीच पुरेशी मोठी होती ना. सिनेमातला बर्लिन ज्या संशयावरून तिला ठाण्यात नेतो तो संशय सिनेमाच शेवटी खरा ठरवतो, ही गोष्ट माझ्या तरी घशाखाली उतरत नाही.

मुंबईचा उल्लेख मात्र हवेतला नाही. दक्षिणेतून घर सुटलेल्या ट्रान्स बायका मुंबई-पुण्याकडे येतात, इथल्या घराण्यांत, गुरूच्या हाताखाली राहतात, ही जुनी वाट आहे. लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या तमिळ आत्मकथनात पुण्यात राहून ट्रेनमध्ये भीक मागण्याचे दिवस आहेत, शिकलेली, डिग्री असलेली बाई, आणि समोर काम म्हणून ठेवलेले पर्याय काय तर हे. ते वाचलं की शिल्पाची मधली वर्षं कशी गेली असतील याचा जरा अंदाज येतो, सिनेमात ती वर्षं फक्त एका गुन्ह्यापुरती उरलीत.

त्याच पुस्तकावर पुढे कन्नड सिनेमा निघाला आणि त्यातल्या मुख्य भूमिकेसाठी संचारी विजय या पुरुष नटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे त्याआधी 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेला ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तेच मिळालं होतं, तिथलं पात्र ट्रान्स नाही, जबरदस्तीने जोगता केलेला पुरुष आहे, म्हणजे विषय वेगळा, पण साडीतला पुरुष नट आणि राष्ट्रीय पुरस्कार ही जोडी तीच. आणि ६७ व्या पुरस्कारांत शिल्पासाठी विजय सेतुपतीला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता. तिघेही चांगले नट आहेत, कामंही चांगली आहेत, त्यावर वाद नाही. पण पुरुष नटाने साडी नेसली की आपण त्याच्या धाडसाचं कौतुक करतो, आणि ट्रान्स बाई रोज तेच करून साधं ऑडिशन मागायला गेली तर तिला दारात कोण उभं करतं? कुणी म्हणेल एवढ्या मोठ्या रोलसाठी ट्रान्स नटी आणायची कुठून. तर 'सुपर डिलक्स'च्या दोनच महिने आधी, १ फेब्रुवारी २०१९ ला, 'पेरन्बु' आला होता, तोही तमिळ, मामुट्टीसमोर ट्रान्स बाईच्या भूमिकेत अंजली अमीर, स्वतः ट्रान्स असलेली नटी. म्हणजे आणता येत होती.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सेतुपतीसारखा स्टार, ज्याच्या नावावर गावोगाव तिकिटं खपतात, त्याने हा रोल घेतला म्हणून शिल्पा अशा थिएटरांत पोचली जिथे ट्रान्स माणूस पडद्यावर आला की तोवर फक्त टिंगलीसाठी यायचा, तमिळ सिनेमाच्या त्या जुन्या कॉमेडी ट्रॅकबद्दल न बोललेलंच बरं. शिल्पा अर्पुदमला सांगते की घाईत कधी डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जाते ना, तसं देवाकडून माझ्या बाबतीत झालं. काही ट्रान्स लोकांना हे 'चुकीच्या शरीरात जन्म' वालं बोलणं पटत नाही, काही जण स्वतःच असं सांगतात, पण ज्याने आयुष्यात या विषयावर एक वाक्य ऐकलेलं नाही त्याच्यापर्यंत पोचायला ती चप्पल उपयोगी पडली असणार. मेलबर्नच्या भारतीय चित्रपट महोत्सवात २०१९ साली या सिनेमाला समानतेसाठीचा पुरस्कारही मिळाला. ज्यांच्या समानतेसाठी, त्यांच्यातल्या अनेकांचा त्यावर आक्षेप होता, हेही तितकंच खरं.

आणखी एक, सेक्सवर इतकं बिनधास्त बोलणाऱ्या या सिनेमाच्या चारही गोष्टींत दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम कुठेच नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ज्याने ते गुन्हा राहिले नाहीत, ६ सप्टेंबर २०१८ चा, देशभर तोच विषय चालू होता, आणि इथे एलियनसाठी जागा आहे पण गे माणसासाठी नाही. प्रत्येक सिनेमाने सगळं कव्हर करावं असं मला वाटत नाही, पण ज्या सिनेमाची ऐटच 'आम्ही काही सोडत नाही' अशी आहे त्याला एवढं विचारायला हरकत नाही.

तमिळनाडू या बाबतीत तसं मागासलेलं राज्य नाही, उलट. ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ देशात पहिल्यांदा २००८ मध्ये तिथे झालं. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसचा निकाल, ज्यात सुप्रीम कोर्टाने स्वतःचं जेंडर स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, तो १५ एप्रिल २०१४ चा, आणि त्यानंतर मद्रास हायकोर्टात लढून प्रितिका याशिनी ही ट्रान्स बाई २०१७ मध्ये सब-इन्स्पेक्टर झाली, म्हणजे सिनेमात बर्लिनची जी पोस्ट आहे तीच. सिनेमा आल्यावर महिन्याच्या आत, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच हायकोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू'मध्ये ट्रान्स बाईसुद्धा येते. आणि २०२१ मध्ये न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी एका लेस्बियन जोडप्याच्या केसमध्ये पोलिसांच्या वागणुकीवर बोट ठेवलं, त्यानंतर २०२२ मध्ये सरकारने पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच बदल करून ट्रान्स आणि समलैंगिक लोकांना त्रास देण्यावर बंदी घातली. म्हणजे बर्लिनवर आता निदान कागदोपत्री कारवाई होऊ शकते. सिनेमात ती होत नाही, तिथे तो वरून पडलेल्या टीव्हीखाली मरतो, तोच पोरांच्या गोष्टीतला टीव्हीचा गोंधळ त्याच्या डोक्यावर येतो. टाळ्या पडतात तिथे, माझ्याही पडल्या, पण त्याला शिल्पाने पाडलेलं नसतं, वेंबूने नाही, कोर्टाने नाही. योगायोगाने पाडलेलं असतं.

या सगळ्या वादात एका बाईचं नाव फार कमी वेळा निघतं, ते म्हणजे ज्योती, शिल्पाची बायको, गायत्रीने केलेली. तिचा राग शिल्पा बाई झाली यावर आहे की न सांगता निघून गेली यावर, हे सिनेमा नीट उलगडत नाही, आणि मला तरी बघताना सतत वाटत राहतं की दुसराच राग खरा आहे. इतकी वर्षं नवरा जिवंत आहे की मेला माहीत नाही, पोर एकटीने वाढवलं, सासरच्यांची तोंडं बघितली, आणि एक दिवस माणूस परत येतो तर सगळं घर त्याच्या साडीकडे बघत बसलेलं. शेवटी रासुकुट्टी म्हणतो बाई हो नाहीतर पुरुष हो, आमच्याबरोबर राहा, आणि त्यावर सगळं मिटतं, प्रेक्षकाचे डोळे ओले. पोराने त्याच्या बाजूने ठरवलं, ठीक. ज्योतीला त्या घरात आता काय म्हणून राहायचंय, बायको, मैत्रीण, नुसती पोराची आई, आणि तिला स्वतःला दुसरं कुणी हवं असेल तर काय, तिच्या सेक्शुअ‍ॅलिटीचं काय, हे तिला कुणी विचारत नाही, ना शिल्पा, ना दिग्दर्शक, ना शिल्पावर पानंच्या पानं लिहिणारे आम्ही लोक.